गाडीत टाकलेली जान

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या एका बोळात गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओट्यांवर, पोरं भिंतींवर आणि मधोमध झेंडूच्या माळा घातलेली एक जुनी बुलेट. तिचा हवेचा फिल्टर काढून ठेवला होता. त्या उघड्या तोंडासमोर श्वासानंद बाबांनी हातावर उदी धरली. त्यांचा चेला लोटू याने किक मारली. इंजिन धक्... धक्धक्... करत, आतून टकटक वाजत, अडखळत सुरू झालं आणि उदी फुर्रकन बाहेर उडाली.

"देखा? साँस ले रहा है बच्चा!" बाबा गरजले. "गाड्या हवा आत ओढतात, ही बाहेर टाकते! बेटा मोहित, आईजवळ आहेस ना? असशील तर साँस रोक!"

इंजिनाचा आवाज चढला, उदी उडायची थांबली. गर्दीने हात जोडले. पुढे बसलेल्या मोहितच्या आईने, धुरपदाबाईंनी, पदराने गाडीची टाकी पुसली, लेकराचं तोंड पुसावं तशी.

मोहितची मोठी बहीण हिमानी मात्र लोटूच्या हातातल्या अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीकडे पाहत होती. बाबांनी प्रश्न विचारला की मूठ पिळली जायची. देव बोलवायला एवढी मेहनत पुरत असेल, तर शहरातले सगळे रिक्षावाले सिद्धपुरुषच म्हणायचे! हिमानी आयटीआयमध्ये इंजिन शिकवायची. गोम तिला पहिल्याच दिवशी कळली होती, पण जीभ उचलत नव्हती.

मोहित डेंग्यूने गेला. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याने गाडी रेससाठी तयार केली होती आणि अंगणातून ओरडला होता, "आई, गाडीत जान टाकली मी आता!" गाडी जोरदार केली की बुऱ्हाणपुरात कुठलाही पोरगा असंच म्हणतो. पण पोरगा गेल्यावर आई तेच शब्द धरून बसली. बाबांनी ते शेजारणीकडून ऐकले आणि दारात हजर झाले. आई पुन्हा दोन घास खाऊ लागली. ते घास हिमानीला तोडवत नव्हते. कधीकधी ती धकधक ऐकून तीही दाराशी थबकायची.

"माउली," बाबा आता म्हणाले, "उद्या गाडी आतल्या खोलीत घ्या. दारं-खिडक्या बंद. तुम्ही एकट्या बसा, गाडी चालू ठेवा. डोकं जड होईल, डोळे मिटतील. घाबरू नका, तो बोलावतोय."

हिमानी ताडकन उठली. बंद खोलीत इंजिनाचा धूर माणूस मारतो. ती घरात गेली आणि मोहितची हत्यारं घेऊन आली. सोबत कापडात गुंडाळलेले, त्याने काढून, तेल लावून जपलेले इंजिनाचे जुने कॅम होते, म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेल्या लोखंडी चकत्या.

"हात मत लगाना! आत्मा कोपेल!" बाबा ओरडले.

"कोपू दे. माझा भाऊ आहे, माझ्यावर आधीही कोपायचा."

तिने इंजिन बंद केलं, त्याचं बाजूचं झाकण उघडलं, आतली कॅमची जोडी काढली आणि दोन्ही जोड्या आईसमोर ओट्यावर मांडल्या.

"आई, इंजिनाला दोन दारं असतात, त्यांना वाल्व म्हणतात. एक ताजी हवा आत घेतं, दुसरं धूर बाहेर सोडतं. कुठलं कधी उघडायचं ते कॅमवरचा हा फुगवटा ठरवतो. जुन्या कॅममध्ये दोन्ही दारं जरा वेळच एकत्र उघडी राहतात. मोहितने हे रेसचे कॅम बसवले, यात खूप जास्त वेळ. गाडी पळताना त्याचा फायदाच होतो, निघणारा धूर ताजी हवा मागे ओढून आणतो. पण सावकाश चालली की धूरच उलटा फिरतो, आत घेतलेली हवाही माघारी ढकलली जाते. म्हणून इंजिन अडखळतं आणि उदी उडते. मूठ पिळली की थांबते."

"आणि ती टकटक?" आईने हळूच विचारलं. "त्याचं काळीज वाजते ना वं ते?"

"या फुगवट्याचा चढ बघ, किती उभा आहे. वाल्व झटक्यात उघडतो आणि आपटून मिटतो. त्याचा आवाज आहे तो, आई."

तिने जुने कॅम बसवले, त्यांच्या दातांवरच्या खुणा जुळवल्या, झाकण लावलं आणि किक मारली. इंजिन एकसारखं चालू लागलं. तिने उदी धरली. उदी आत गेली.

लोटू गर्दीतून कधीच सटकला होता. "कलियुग है, आत्मा रूठ गई," असं पुटपुटत बाबांनीही झोळी उचलली.

धुरपदाबाई कितीतरी वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. "ही तर कोणाचीबी गाडी वाटते वं, हिमा," त्या म्हणाल्या. "मग माझा मोहित?"

"गेला, आई. आपला मोहित गेला." हे शब्द हिमानीने आजवर उच्चारले नव्हते.

आईने हात पुढे करून स्वतः चावी फिरवली. गाडी बंद झाली. मग तिने जो हंबरडा फोडला, तो मोहितला नेलं त्या दिवशीही फोडला नव्हता.

चमत्कार संपला तसा बोळही रिकामा होऊ लागला. तेव्हा हिमानी दारात उभी राहून ओरडली, "तुम्ही पाहिलं ते खरं होतं. त्या बाबाने सांगितलेलं कारण खोटं होतं! ते विचारायला काय जात होतं तुमचं? आत्मा बघायला इतके जण आलात. माझ्या आईजवळ नुसतं बसायला आधी कोणी का नाही आलं? तुम्ही नाही बसलात, म्हणून तो येऊन बसला."

शेजारच्या मालूबाई परत फिरल्या आणि धुरपदाबाईंना धरून ओट्यावर बसल्या.