भेंडाची टोपी

सुगंधा जाऊन तीन महिने झाले होते. आम्हाला मूलबाळ नाही. बोरीवलीच्या घरात मी आणि माझ्या अकरा ‘सोला हॅट’ उरलो होतो. जुन्या लष्करी टोप्या गोळा करण्याचा नाद मला वीस वर्षांचा. आत भेंडाचे, म्हणजे पाणथळीतल्या झुडपाच्या हलक्या पांढऱ्या गाभ्याचे थर, वरून खाकी कापड. उन्हाला उत्तम, पण पाणी लागलं की संपली टोपी.

एका पलटणीच्या संग्रहालयाला सगळ्या टोप्या सुगंधाच्या नावाने द्यायच्या, असं मी ठरवलं. त्या पारखायला मुलुंडहून मेजर कर्णिक आले, निवृत्त गृहस्थ. त्या दिवशी मासिक श्राद्ध होतं, म्हणून सुगंधाची धाकटी बहीण शकु वाकोल्याहून स्वयंपाकाला आली होती.

दहा टोप्या पसंत पडल्या. अकरावी माझी सगळ्यात आवडती. पहिल्या महायुद्धातली, आतल्या चामड्यावर शाईने कुणा साहेबाचं नाव. कर्णिकांनी ती दाबून पाहिली. अस्तराची एक टीप उसवली होती, तिथून आत पाहिलं, वास घेतला.

"तावडे, ही कुठे मिळाली?"

"चोरबाजारात. चौदा वर्षं झाली, चौऱ्याहत्तर साली."

"मग तुम्हाला टोपी घातली की हो कुणीतरी!" ते मोठ्याने हसले. माझं तोंड पाहून थांबले. "कापड जुनं आहे, चामडं जुनं आहे. पण सत्तर वर्षांचं भेंड पिवळं पडतं. हे पांढरं. आणि चिकटवलंय चिंचोक्याच्या खळीने. हे बघा आणखी." त्यांनी चिमट्याने थरांमधून एक लाल चकचकीत तुकडा ओढला. "बेगड. फौजेच्या टोपीत बेगड?"

माझे सासरे मालवणला लग्नाची बाशिंगं करायचे. भेंड, खळ, बेगड. दोन्ही मुली ते काम करतच वाढल्या.

तो तुकडा घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. "शकु, हे काय आहे?"

तिने एकदा पाहिलं आणि गॅस बंद केला.

"सापडलं होय. भावजी, तुम्ही ऐंशी साली महिनाभर नागपूरला होता ना, कंपनीच्या कामाला? दिवाळीची साफसफाई चालली होती. टोपी मळली म्हणून ताईने आतलं चामडं उसवून ठेवलं नि टोपी सोड्याच्या पाण्यात भिजत घातली. तासाभराने बघते तर बादलीत कापड नि भेंडाचा नुसता लगदा. धावत वाकोल्याला आली. म्हणाली, शके, माझी वाट लागली गो."

"मला सांगायचं."

"तुम्हाला?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आदल्या वर्षी धूळ पुसताना तिच्या हातून एका टोपीचा हूक निघाला, तर तुम्ही चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता. तिच्या हातचं जेवलात, पण मीठसुद्धा मागितलं नाहीत. अळणी खाल्लंत."

मी ते विसरून गेलो होतो.

"गावाहून भेंड मागवलं," शकु म्हणाली. "दुसऱ्या टोपीवर कागद लावून माप घेतलं. आम्हाला एकवीस दिवस लागले. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी ताईने तेच जुनं कापड नि चामडं चढवून शिवली."

"तिला भीती वाटायची माझी?"

"पहिलं वर्षभर. तुम्ही ती टोपी हातात घेतलीत की ती आत निघून जायची. मग तुम्ही पाहुण्यांना दाखवायला लागलात, तेव्हा कुठे गेली भीती. मला येऊन सांगायची, नि हसायची."

ते मात्र मला आठवत होतं. येईल त्याच्या हातात मी ती टोपी द्यायचो आणि म्हणायचो, "असं काम आपल्या लोकांना जमायचं नाही." सुगंधा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची. मी कप उचलायचो.

बाहेरून कर्णिकांची हाक आली. "तावडे, ही बाजूला काढू ना?"

मी स्वयंपाकघराच्या दारात आलो. शकु पिठाचे हात धुऊन तशीच बाहेर गेली आणि ती टोपी उचलायला वाकली.

"ओल्या हाताने धरू नकोस!" मी ओरडलो.

शकु जागच्या जागी थांबली. हात मागे घेतला, मान खाली घातली. हे असं थांबणं सुगंधाचंही मी कितीदा तरी पाहिलं होतं. तेव्हा मला वाटायचं, बायको आपलं ऐकते.