बिनधुराची गाडी

"ओ मावशी, बंद करा! गाडी बंद करा आधी!"

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या टपरीत पीयूसी काढून देणारा विकास नाकाला रुमाल लावून ओरडत होता. कांताबाईंनी चावी फिरवली. गाडी दोन गचके देऊन थांबली. धूर मात्र लगेच हलला नाही. काळाकुट्ट ढग टपरीसमोर तसाच लोंबकळत राहिला. हवा भरायला थांबलेला स्कूटरवाला शिव्या घालत चार पावलं मागे सरकला.

"मशीनला नळी लावायचीच गरज नाही," विकास म्हणाला. "डोळ्यांनी दिसतंय ना. हिला पास केली तर माझं दुकान बंद होईल."

"थोडी तापली की कमी होतो रे धूर."

"दर वेळी हेच सांगता तुम्ही. मागच्या वेळी काठावर निघाली. आता नाही निघायची, मावशी. द्या भंगारात."

 खिडकीची काच वर करून कांताबाईंनी गाडी पुन्हा सुरू केली आणि खाली मान घालून पंपाबाहेर काढली.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात कांताबाईंनी आयुष्यभर आया म्हणून काम केलं होतं. पेशंटची चादर बदलायची, भांडं द्यायचं, अंग पुसायचं, ट्रॉली ढकलत ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत न्यायची. दारापर्यंतच. आत काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही आणि विचारलंही नाही.

त्यांचे यजमान बाबुराव एका कंपनीत ड्रायव्हर होते. कंपनीला टाळं लागलं तेव्हा साहेबाची ही दणकट, उंच गाडी त्यांच्या पदरात पडली. गाडी आली आणि बाबुरावांना एक नाद लागला. गावोगावहून इलाजाला आलेले पेशंट दादरच्या धर्मशाळेत उतरत. टॅक्सीवाले त्यांना जवळचं भाडं म्हणून घेत नसत, आणि एवढंसं अंतरही त्यांना चालवत नसे. बाबुराव रोज सकाळी त्यांना हिंदमातावरून परळला सोडू लागले. पैसे घेत नसत. मागची सीट काढून त्यांनी आडवं होता येईल असा बाक बसवला. गाडी उंच, म्हणून दाराखाली लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली. "पाय गुडघ्याएवढासुद्धा उचलता येत नाही गं लोकांना," ते म्हणायचे. बायकोला गाडी शिकवली तीही त्यांनीच, शिवाजी पार्कभोवतीच्या रस्त्यांवर. फिरायला आलेले म्हातारे थांबून बघत आणि कांताबाई लाजून ब्रेक दाबत.

बाबुराव गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाई पदर खोचून स्टिअरिंगवर बसल्या. धर्मशाळेच्या पायऱ्यांवर माणसं वाट बघत असणार हे त्यांना ठाऊक होतं.

गाडी चालत राहिली, पण म्हातारी झाली. तेल पिऊ लागली, धूर ओकू लागली. कांताबाईंनी तो धूरही सवयीचा करून घेतला असता. पण एके सकाळी छातीच्या आजाराची एक बाई गाडीपाशी आली, पदर नाकाला लावून उभी राहिली आणि अगदी अपराध्यासारखी म्हणाली, "ताई, राग मानू नका, आज आम्ही चालतच जातो." आणि ती खरोखरच चालत गेली. दर थोड्या अंतरावर थांबत, विजेच्या खांबाला धरत. कांताबाईंनी आरशातून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"आई, विकास बरोबर बोलतोय," त्यांचा मुलगा सम्यक जेवताना म्हणाला. तो लोअर परळला एका ऑफिसात होता. स्वभावानं शांत, आईवर माया करणारा. "आपण छोटी नवीन गाडी घेऊ. गाडी म्हणजे बाबा नाहीत."

"मला कुठे बाबा पाहिजेत? मला ती पायरी पाहिजे. तुझ्या छोट्या गाडीत पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस वाकून बसेल कसा? आणि आडवा होईल कुठे?"

सम्यकनं घास तसाच हातात धरला. 

लालबागच्या एका गल्लीत भिवाचं गॅरेज होतं. भिवा बाबुरावांचा दोस्त; मालवणचा, आवाज मोठा. कांताबाईंनी गाडी नेली तेव्हा त्यानं बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं खुपसलं.

"ह्याच्यात काय्येक उरला नाय गो. उघडून बांधलं तरी वर्षभरात परत धूर." त्यानं हात पुसले. "एक करता येईल. ह्याच कंपनीची नवी मॉडेलं आहेत ना, त्यांचं इंजिन. नव्या नियमांचं. एक ठोकलेली गाडी कुर्ल्यात पडलीय, मागून चेपलीय, इंजिन ठणठणीत. ता काढून ह्याच्यात घालायचं."

"बसेल?"

"बसवूक लागतला. पण खरा सांगतंय, कांता, असा काम मी कधी केलेलं नाय. तो सगळा कॉम्प्युटरचा मामला. माका डिझेलचा वास कळता, कॉम्प्युटर नाय कळत."

कॉम्प्युटर कळणारी होती अक्षता. हिंदमाताच्या मागच्या गल्लीत ती गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. तिनं दोन्ही गाड्या पाहिल्या, मोबाईलवर फोटो काढले आणि म्हणाली, "होईल असं वाटतंय. पण मावशी, गॅरंटी मागू नका हां."

सम्यकनं आरटीओत खेपा घालून इंजिन बदलायची परवानगी काढली. परवानगी हातात देताना तो म्हणाला, "एकदाच हं आई. पास नाही झाली तर भंगारात. कबूल?"

"कबूल."

जुनं इंजिन काढायच्या दिवशी कांताबाई गॅरेजवर गेल्या. लांब उभ्या राहिल्या होत्या, तर भिवा ओरडला, "अशी काय परक्यासारखी? ये, आत ये. ही बत्ती धर."

त्या आत गेल्या. छताच्या लोखंडी तुळईला साखळीची कप्पी टांगलेली होती. भिवानं एकेक नळी सोडवली, तोंडं फडक्यानं बांधली, वायरींना चिठ्ठ्या लावल्या. कुठे घाई नाही. मग तो साखळी ओढू लागला. खडखड खडखड करत इंजिन तसूतसूनं वर आलं, एका बाजूला कललं, बॉनेटच्या कडेला घासलं. भिवानं खांदा लावून ते अलगद सरळ केलं आणि ते बाहेर, हवेत, साखळीला झोके घेत राहिलं.

कांताबाईंनी बत्ती गाडीच्या पोकळीत धरली. मघा जिथे इंजिन होतं तिथे आता खालची फरशी दिसत होती.  इतकी वर्षं आपण यावर बसून फिरलो, माणसं नेली, आणि आत हे एवढंच होतं. की हे एवढं सगळं होतं? त्यांना नीट सांगता आलं नसतं. तेलानं काळ्या झालेल्या त्या धुडाकडे त्यांनी बत्ती वळवली.

"ठेवायचंय काय हे?" भिवानं विचारलं. "बाबुरावचो जीव होतो त्याच्यावर."

त्यांनी इंजिनावर तळवा टेकवला. थंडगार होतं.

"नको. जाऊ दे. वितळवून काहीतरी करतील त्याचं."

नवं इंजिन मात्र सहज बसलं नाही. ते रुंदीला जास्त. त्याला धरणारे पत्रे जुन्या गाडीच्या मापाचे नव्हते. भिवानं पुठ्ठा कापून मापं घेतली, लोखंड कापलं, वेल्डिंग केलं, पुन्हा तोडलं. रेडिएटर पुढे सरकवावा लागला. धूर गाळणारा एक जड डबा नळीत बसवायचा होता. तो गाडीच्या पोटाखाली मावेना. मग भिवा जमिनीवर उताणा पडून, शिव्या देत, त्याची जागा शोधू लागला. अक्षता वायरींचा जुडगा मांडीवर घेऊन स्टुलावर बसे. केसांसारख्या बारीक त्या वायरी. एक रंग धरून ती शेवटपर्यंत जायची, परत यायची, दुसरा रंग धरायची. कांताबाई सकाळची पेशंटची फेरी एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याच्या हातापाया पडून उरकत आणि थेट गॅरेजवर येत. बत्ती धरत, पाने देत. कुणी तिथे त्यांना दाराबाहेर थांबवत नव्हतं.

सगळं जोडून झालं. कांताबाई स्टिअरिंगवर बसल्या. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि पाय दाबला तरी वाढेना. समोर पिवळा दिवा लागला. कितीही दाबा, तेच घुर्रघुर्र.

भिवा टायरवर जाऊन बसला. "मी आधीच बोललेलो," तो पुटपुटला. त्याचा मोठा आवाज कुठेतरी हरवला होता.

"थांबा हो काका," अक्षता म्हणाली. तिनं लॅपटॉप जोडला. पडद्यावर आकडे धावत होते. मग ती एकदम कांताबाईंच्या पायाशी वाकली. "मावशी, पाय काढा जरा. तुम्ही दाबताय ते ह्याला कळतच नाहीये. पेडल जुनं, त्याला तार होती. ह्या इंजिनाला तार नाही चालत, सेन्सर लागतो. मी नवीन लावला, पण उलटा जोडलाय बहुतेक. माझीच चूक."

तिनं दोन वायरी सोडवल्या, फिरवून जोडल्या. "आता बघा."

कांताबाईंनी पाय टेकवला. नुसता टेकवला. इंजिन चढलं. आवाज कसला, दाट रेशमासारखी एक घरघर. गाडीचं अंग थरथरलं नाही, आरसा हलला नाही. भिवा उठून उभा राहिला आणि त्यानं बॉनेटला हात लावला.

"आयशप्पत," तो हळूच म्हणाला.

कांताबाईंचे डोळे भरून आले ते आनंदानं, हे खरं. पण त्यात आणखीही काही होतं. बाबुराव कोपऱ्यावर वळले की चाळीत गाडीचा आवाज यायचा आणि त्या चहाचं आधण ठेवायच्या. तो आवाज त्यांच्यानंतरही गाडीत होता. आता नव्हता. हे इंजिन बाबुरावांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि पुन्हा एकदा पाय दाबला, नीट ऐकायला.

पंपावर विकासनं गाडी ओळखली आणि लांबूनच हात जोडले. "जय भीम मावशी. आता काय राहिलंय?"

"नळी लाव," कांताबाई म्हणाल्या.

सम्यक ऑफिसातून सुट्टी काढून आला होता. तो, भिवा आणि अक्षता टपरीपाशी उभे राहिले. विकासनं धुराड्यात नळी खुपसली, मशीन चालू केलं. "मी सांगेन तेव्हा पूर्ण दाबायचं. पूर्ण. आणि सोडायचं. घाबरू नका."

"दाबा!"

कांताबाईंनी पाय खाली नेला. डोळे सवयीनं आरशाकडे गेले, काळा ढग बघायला. आरशात पंपाची पिवळी भिंत होती. भिंतीवरची अक्षरं होती. रांगेतली एक लाल गाडी होती. सगळं लख्ख.

इंजिन चढलंच नाही, त्यांना वाटलं. परत ते सेन्सरचं काहीतरी झालं. 

"चालू आहे ना रे?" त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं.

"चालू आहे, मावशी! परत दाबा!"

त्यांनी परत दाबला. इंजिनाचा आवाज पंपाच्या छताखाली घुमला आणि आरशात पुन्हा तीच पिवळी भिंत. त्यांनी आरसा हातानं वळवून पाहिला. भिंत हलली, पण काळी झाली नाही. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. मागे काहीच नव्हतं. एवढी मोठी गाडी, एवढं जळतंय आत, आणि बाहेर फक्त हवा. त्या आ वासून बघत राहिल्या, पाय उचलायचंही विसरल्या.

"बस झालं, बस, सोडा!" विकास हसत होता. मशीनमधून चिठ्ठी सरकून बाहेर आली. त्यानं ती वाचली, डोळे बारीक करून परत वाचली आणि सम्यकच्या हातात दिली. "नवीन गाड्या असा रिझल्ट देत नाहीत कधीकधी. कुणी केलं हे काम?"

भिवानं अक्षताकडे बोट दाखवलं, अक्षतानं भिवाकडे.

सम्यक खिडकीपाशी आला. काही बोलायच्या आधी त्यानं गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. "आई," तो म्हणाला, "उतरू नकोस. मी बसतो बाजूला. तू चालव."

पुढे आरटीओच्या साहेबांनी नंबर तपासले, गाडीभोवती एक फेरी मारली, सही केली. तेही काम झालं.

त्यानंतरच्या सोमवारी धर्मशाळेच्या दारात बीडकडचं एक जोडपं उभं होतं. नवरा गळ्याच्या आजारानं वाळून गेलेला. बायको चंपा त्याला काखेत धरून होती. त्यांनी ही गाडी आधी पाहिलेली नव्हती. आत येताना तो बाकाकडे बघून थबकला, मग चंपानं त्याला हळूच आडवं केलं. कांताबाईंनी गाडी काढली. हिंदमाताच्या सिग्नलला गाडी थांबली, निघाली. मागून एक शब्द नाही, कण्हणंही नाही.

इस्पितळाच्या दारात त्यांनी हँडब्रेक ओढला आणि चावीकडे हात नेला, तेवढ्यात चंपा मागून कुजबुजली.

"ताई, थोडं थांबता का? डोळा लागलाय त्यांचा. रात रात बसून काढतात हो. किती दिसांनी झोपलेत."

कांताबाईंनी मागे वळून पाहिलं. माणसाचं तोंड किंचित उघडं होतं, हात बाकावरून खाली लोंबत होता. इंजिनाची घरघर त्याच्या अंगाखालून वाहत होती. बंद केली तर जागा होईल.

त्यांनी चावीवरचा हात काढून घेतला.

दाराशी गाडी उभी राहू द्यायची नाही, असा नियम. वॉचमन काठी आपटत तावातावानं आला. कांताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनंच मागे दाखवलं. त्यानं काचेला तोंड लावून आत पाहिलं. मग काठी बगलेत मारली, रस्त्यात जाऊन उभा राहिला, आणि मागून हॉर्न देत येणाऱ्या गाड्यांना हातानं दुसऱ्या बाजूनं जायला सांगू लागला.