शेवटचा शब्द

गेल्या वर्षी भाव ठरवताना बटणवाला आणि त्याची थोरली बहीण इतकी भांडली की दोघांनी अबोलाच धरला. बहिणीचा शर्टांचा कारखाना, आणि याची निम्मी बटणं तिच्याकडेच जायची. तिची मागणी गेली तर मशिनं बंद. म्हणून यंदा सुनेने घासाघीस कॉम्प्युटरवर टाकली. असं झालं तर तसं म्हणायचं, असे नियम लिहून दिले की इकडचा प्रोग्राम तिकडच्या प्रोग्रामशी भांडून करार पक्का करणार होता. बहिणीने मुदत दिली होती पाच वाजेपर्यंत.

भाव, रंग, भोकं, सगळं चुटकीसरशी ठरलं. पडद्यावर इकडचं ‘मान्य’ उमटलं. तिकडून ‘मान्य’ आलं. इकडून पुन्हा ‘मान्य’. पडदा भरत चालला.

“सूनबाई, सगळंच मान्य आहे तर घोडं अडलंय कुठे?”

“बाबा, तुम्हीच नियम सांगितला होतात. काही झालं तरी शेवटचा शब्द आपला. आत्यांनीही तोच घातलाय वाटतं.”

घातला असणारच. दोघं एकाच बापाची लेकरं, आणि त्या घरात शेवटचं बोलेल तोच जिंकायचा.

“बदल तो,” बटणवाला जिवावर उदार होऊन म्हणाला. “शेवटचा शब्द समोरच्याचा, असं लिही.”

सुनेने नियम फिरवला. पडदा एकदम गप्प झाला.

“आता काय?”

“आत्यांनीही फिरवला असणार. आता दोन्ही प्रोग्राम एकमेकांची वाट बघतायत.”

पाच वाजत आले होते. शेवटी नाक मुठीत धरून त्याने फोन लावला.

“ताई, मान्य.”

“मलाही मान्य. हे बघ, दाबलं बटण. पण ऐक, गेल्या वर्षी चूक तुझीच होती.”

पडद्यावर करार पक्का झाला. बटणवाल्याच्या जिभेवर झणझणीत उत्तर आलं होतं. पण आता तोंड उघडलं तर करार मोडेल, अशी त्याला धास्ती. सून मानेने ‘नाही मोडत’ म्हणत होती, पण विषाची परीक्षा कोण घेणार? त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

“ऐकलंस ना?” ताई म्हणाली. मग जरा थांबून, “अरे, बरा आहेस ना?”

बरा आहे, म्हणावंसं त्याला फार वाटलं. पण तो शेवटचा शब्द झाला असता. फोन कट झाला.

जरा वेळाने ताई धापा टाकत दारात उभी, एका पायात भलतीच चप्पल. “बोल की मेल्या! जीव टांगणीला लागलाय माझा!”

वर्षभराने ती दारात आली होती. बटणवाल्याला भरून आलं. त्याने मुकाट्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.