मेहुण्याच्या हातातला दोर

नदी शहरात शिरते तेव्हा निळसर असते, बाहेर पडते तेव्हा काळी. मधे जिथं ती कंबरेत वाकल्यासारखी वळते, तिथं खालचा काठ. तिथली घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली. खालच्या खोलीचं छप्पर म्हणजे वरच्या खोलीचं अंगण. खिडकीतून बादली सोडावी तर पाणी, आणि दारातून पाऊल टाकावं तर शेजारणीची चूल. डोक्यावर नवा पूल. त्यावरून दिवसभर गाड्या धावत आणि काठावर वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ सांडत.

जुना पूल नदीच्या पोटात होता. तो कोसळला त्याला जमाना झाला. शहर त्याला विसरलं, खालचा काठ विसरला नाही, कारण काठाचं पोट त्या लोखंडावर चालायचं. पाणबुडे तळाशी उतरत, गंजलेल्या तुळया करवतीनं कापत, साखळी अडकवत, आणि वरची माणसं ते लोखंड वर ओढून घेत.

खाली गेलेल्याचा जीव दोन गोष्टींवर असे, भाता आणि दोर. भात्यातून नळीवाटे हवा खाली जायची. दोर कमरेला बांधलेला असायचा. दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात असत. उजव्या पायाखाली भाता, दोन्ही हातांत दोर. आणि हा माणूस पाणबुड्याच्या बायकोचा भाऊच हवा, अशी काठाची रीत. सख्खा भाऊ वाटणीवरून हात सोडेल, दोस्त दारूत सोडेल. मेहुणा कसा सोडील? आपल्या हातानं आपल्याच बहिणीला कोण विधवा करील? ज्या पोरीला भाऊ नाही, तिला काठावरचा पाणबुडा पत्करत नसे.

चिमीला भाऊ होता. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची, तो चौदाचा. त्यानं तिला खांद्यावर वागवली, तिच्या वेण्या घातल्या. वेड्यावाकड्या घातल्या, पण घातल्या. तिची 'दादाऽऽ' अशी हाक पलीकडच्या काठापर्यंत जायची. ती ऐकून ऐकून अख्खा काठ, त्याच्यापेक्षा म्हातारी माणसंसुद्धा, त्याला दादाच म्हणू लागली. आणि चिमीचा नवरा असाच सगळ्यांचा दाजी झाला.

दाजी काठावरचा सगळ्यात दमदार पाणबुडा. छाती कणगीसारखी, हसणं मोकळं, पाण्याखाली जीव ओतून काम करणारा. पाण्याबाहेर मात्र त्याचा हात बायकोवर सुटायचा.

सहा वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी चिमी म्हणाली, जिन्यावरून पडले. दुसऱ्या वर्षी म्हणाली, बादलीची कडी लागली. गेल्या वर्षी पोटातलं लेकरू गेलं, तेव्हा ती काहीच म्हणाली नाही. दादानं तेव्हा दाजीची गचांडी धरली होती. दाजी हसला होता.

"काय कराल मेहुणे? बुडवाल मला? बुडवा की! बहिणीला पांढऱ्या कपाळानं घरी घेऊन जा आणि बसा तोंड बघत."

दादाचा हात खाली आला होता. दाजीला तेवढंच माहीत करून घ्यायचं होतं. पाण्यातल्या दोराचा त्याला धाक वाटायला हवा होता, पण त्याच दोराच्या भरवशावर तो घरात मोकाट सुटला होता.

त्या दिवशी सकाळी दादा नेहमीसारखा दाजीला हाक मारायला जिना चढला. जिन्यात जाळीवाली मावशी बसली होती. फाटकी जाळी शिवून देणं हा तिचा धंदा. तिची सुई थांबलेली होती.

"जा लवकर," ती म्हणाली. "मगापासून चाललंय. मी भांडी आपटली, खोकले, देवाच्या नावानं ओरडले. थांबेना मेला."

वरून आवाज येत होता. ओला, जड, एकसारखा, ओलं घोंगडं दगडावर आपटावं तसा. दादानं दाराला खांदा दिला. कडी तुटली.

दाजीच्या हातात भात्याच्या नळीचा जुना तुकडा होता, मनगटाएवढा जाड. चिमी खिडकीखाली मुटकुळं करून पडली होती. डावा हात कोपराच्या खाली भलत्याच दिशेला वळलेला. एक डोळा मिटून गेलेला. तोंडातून रक्ताची लाळ जमिनीपर्यंत लोंबत होती.

दादा दाजीवर तुटून पडला. दोघं चुलीवर आदळले, राख उडाली, तवा गरगरत जिन्यावरून खाली गेला. दादानं त्याच्या नाकावर डोकं हाणलं. दाजीनं त्याच्या बरगडीत गुडघा घातला, एकदा, दोनदा, आणि मग मानेवर पाय देऊन उभा राहिला. नाकातलं रक्त त्यानं मनगटानं पुसलं.

"झालं? निघाली हौस? चला मेहुणे, कामाला उशीर होतोय." मग चिमीकडे न बघताच म्हणाला, "कुठं जायची नाहीस. उरलेलं संध्याकाळी."

दादा बहिणीशेजारी बसला. तिनं चांगल्या हातानं त्याची बाही धरली. बोलताना ओठ फुटत होता.

"माहेरी जाते म्हटलं रे. महिनाभर जाते, एवढंच म्हटलं."

"चल. आत्ता चल."

"तो तिथं येईल. तुझ्या घरात मारील, तुझ्यादेखत." ती थांबली. "दादा, आज संध्याकाळी तो मला ठेवत नाही. त्याच्या डोळ्यांत पाहिलंय मी."

काय करावं? कामाला नाही म्हणावं तर दाजी दिवसभर घरात बसणार, तिच्यासमोर. पाण्यात नेला तर निदान संध्याकाळपर्यंत तो तिच्यापासून लांब. दादानं मावशीला वर बोलावलं, हात बांधायला फळकुटं दिली आणि खाली उतरला. एकेका पायरीला बरगडीत सुरी फिरत होती.

काठापासून नावेपर्यंत रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून वाट केलेली होती. म्हातारा पाणबुडा, ज्याचा शब्द काठावर शेवटचा, नेहमीप्रमाणे पायरीवर बिडी ओढत बसला होता. त्यानं दाजीचं सुजलेलं नाक पाहिलं, दादाची वाकलेली चाल पाहिली.

"काय रे, आज सकाळीच नमस्कार-चमत्कार?"

"मेहुणे लाडात आलेत," दाजी म्हणाला. म्हातारा हसला नाही.

नावेत दादानं दाजीच्या कमरेला शिशाचा पट्टा बांधला. पट्टा तीस किलोंचा, आणि त्याची कडी पाठीमागं. पुढं असली तर लोखंडात अडकते म्हणून पाठीमागं. ती लावायची दोरवाल्यानं आणि काढायचीही दोरवाल्यानं. बुडणाऱ्याचा हात तिथं पोचत नाही. दादानं कडी लावली.

"घट्ट बांधा," दाजी म्हणाला, "प्रेमानं." आणि हवेच्या नळीचा मुखवटा चढवून पाण्यात उतरला.

पाणी मिटलं. बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. दादाचा पाय भात्यावर, दोर हातात. एक झटका म्हणजे ढील दे. दोन म्हणजे साखळी ओढ. तीन म्हणजे मला वर घे. सहा वर्षं त्याचा पाय चुकला नव्हता. आईच्या मागं चिमीला झोपवताना मांडी जशी हलायची, तसा तो पाय आपसूक चालायचा.

भाता खाली, भाता वर. लेकरू गेलं. भाता खाली. उरलेलं संध्याकाळी. भाता वर. हा भाता कुणासाठी चाललाय? संध्याकाळी तिला मारायला लागणारा श्वास मीच याला पाजतोय.

त्याचा पाय थांबला.

त्यानं ठरवलं नव्हतं. पाय आपणच थांबला, रस्त्यात बैल बसावा तसा. बुडबुडे विरळ झाले. मग उगाच एखादा. मग दोर हलला, एक, दोन, तीन. पुन्हा तीन. दादा दोर धरून उभा राहिला, नदीकडे न बघता पुलाकडे बघत. वरून गाड्या जात होत्या. दोर हातात मासळीसारखा तडफडू लागला.

"दादाऽऽ!"

पिंपांच्या वाटेवरून चिमी धावत येत होती. हात गळ्यात बांधलेला, फळ्या डुलतायत, मागून मावशी ओरडतेय. खिडकीतून तिला भाता दिसत असे, रोज दिसत असे. आज तो थांबलेला दिसला होता. ती नावेत पडली, उठली, आणि दादाला धक्का देऊन तिनं पाय भात्यावर ठेवला.

"सोड चिमे! जाऊ दे त्याला!"

"तुला फाशी देतील!" ती किंचाळली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. तू कुठं मग? मला तू कुठं मग?"

दोराला तिनं चांगल्या हाताचा वेढा दिला, दातात धरला, मागं रेलली. पायरीवरचा म्हातारा उभा राहिला. खिडक्या उघडल्या. अख्ख्या काठानं पाहिलं की दोर चिमीच्या हातात आहे आणि दादा नावेच्या टोकाला हात लोंबत सोडून उभा आहे.

हवा पोचली तसा दाजी दोराला धरून वर आला. नावेच्या कडेवर पोट टेकून आत लोळला. रीत अशी की आधी पट्टा काढायचा, मग मुखवटा. चिमीला ते कुठून ठाऊक? तिनं मुखवटा ओढला. त्याचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला होता. तो ओकला, ओरडला, हवा गिळली, पुन्हा ओकला. मग त्यानं डोळे उघडले.

समोर बायको. तिच्या हातात दोर.

"तू?" त्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखा. "तू होतीस होय?"

"मी वर घेतलं..."

बाकावर साखळीचा आकडा होता, वीतभर टोकाचा. त्यानं तो उचलला आणि गुडघ्यावर असतानाच फिरवला. टोक चिमीच्या खांद्यात गेलं. ती ओरडलीही नाही, नुसती खाली बसली. त्यानं आकडा उपसला. रक्त तिच्या पदरावरून नावेच्या तळातल्या पाण्यात उतरलं. तो उभा राहिला, दुसऱ्यांदा हात वर गेला, आणि आता रोख तिच्या डोक्यावर होता.

तेवढ्यात दादा दोघांच्या मधे आला होता. आकडा त्याच्या गालावरून कानापर्यंत ओढला गेला, कातडं उघडलं. त्यानं दाजीला दोन्ही हातांनी छातीत लोटलं. एवढंच. पण शिशाचा पट्टा कमरेला होता आणि नाव त्या बाजूला कलली होती. दाजी पाठीवर गेला, पाणी उघडलं आणि मिटलं.

दोर नावेत वेटोळं करून पडला होता. त्याची वेटोळी एकेक करून उठू लागली, नावेच्या कडेवरून घसरू लागली. दादाचा हात सवयीनं पुढं गेला.

चिमीनं आपला रक्ताळलेला हात त्याच्या हातावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, लहानपणी झोपताना ठेवायची तसा.

दोघं बघत बसले. शेवटचं वेटोळं गेलं, दोर नावेतल्या खुंट्याला बांधलेल्या टोकाशी ताणला गेला. तीन झटके. नाव हलली. पुन्हा तीन, इतक्या जोरात की चिमीनं डोळे मिटून घेतले. मग दोन. मग एक, लांब, ढील मागितल्यासारखा.

मग पाणी वाहत राहिलं.

पिंपांवर पावलं वाजली. म्हातारा आला, मागं मावशी, मागं चार पाणबुडे. म्हाताऱ्यानं खुंट्यावरचा ताठ दोर पाहिला, चिमीचा खांदा पाहिला, दादाचा उघडा गाल पाहिला. या काठावर असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे काय विचारायचं हेही त्याला नीट सुचेना.

"दोर कुणाच्या हातात होता?"

"माझ्या," चिमी म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय. मीच धरला होता."

"ती खोटं बोलतेय," दादा म्हणाला. त्याच्या तोंडात रक्त भरलं होतं, शब्द बुडून येत होते. "भाता मी थांबवला. लोटलं मी."

"नाही! माझ्या हातात होता!"

"गप बस, चिमे."

"तू गप बस! आयुष्यभर तूच बोलायचंस होय?"

मावशी मटकन फळीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. एक तरणा पाणबुडा पुढं सरसावला, "अरे, आधी त्याला वर तरी..." आणि दोराला हात घालायला वाकला. म्हाताऱ्यानं त्याला मागं ओढलं.

"खाली गेल्याला किती वेळ झाला?"

तरणा पाणबुडा दोरापासून बाजूला झाला.  काठावरच्या माणसाला ते मोजावं लागत नाही.

 म्हाताऱ्याची स्वतःची लेक दोन खोल्या पलीकडे नांदत होती. तिचा भाऊ, म्हणजे त्याचाच पोरगा, आता त्याच्या मागं मान खाली घालून उभा होता, आणि पोराच्या शेजारी जावई, ज्याचा दोर तो पोरगा धरायचा. म्हाताऱ्यानं वळून त्या दोघांकडेही पाहिलं, विशेष करून जावयाकडे. जावयानं एक पाऊल मागं घेतलं, पिंप डुललं.

"पोलीस येतील," म्हातारा शेवटी म्हणाला. "ते विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी आंधळा नाही आणि मुका नाही, मला जे दिसलं ते मी सांगेन. तिच्या खांद्यातला आकडाही सांगेन. सहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेले आवाजही सांगेन. तेव्हा तोंड उघडलं नाही, ते माझं पाप." त्यानं खुंट्याकडे हात केला. "पण त्याला वर दुसरं कुणी काढायचं नाही. तुमचा माणूस होता. काढा."

दादानं दोर धरला. चिमीनं त्याच्या मागं, एका हातानं. तिच्या खांद्यातून दर ओढीला रक्त उमलत होतं, पण तिनं सोडला नाही. तीस किलो शिसं आणि वर पाण्यानं भरलेला एक माणूस. दोर एक हात वर आला, थांबला. दादानं पाय रोवले.

"लागतंय का गं?"

"ओढ," ती म्हणाली.