जिन्यातला पोकळ कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाहेरून बघाल तर पक्का कॅमेरा. पांढरं कवच, पुढे काळी गोल काच, खाली लुकलुकणारा लाल दिवा आणि मागून भिंतीत शिरणारी जाड वायर. पण ती वायर भिंतीत बोटभर जाऊन संपते. काचेमागे काही नाही. दिवा आणि त्याचे सेल सोडले तर आत सगळा ठणठणाट. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, त्यातलाच मी.

आमच्या कारखान्यात खरे कॅमेरेही बनत. कवचं सगळ्यांची एकाच साच्यातली. पुढे मात्र वाटा फुटायच्या. माझ्या भावंडांच्या पोटात भिंगं बसायची आणि आमच्या वाट्याला नुसता दिवा यायचा. खोकी भरणारी बाई आमच्या खोक्यावर 'फक्त दिखाऊ' असा शिक्का मारायची. तो शिक्का मला तेव्हापासून बोचतो.

मला विकत आणलं एका इमारतीच्या अध्यक्षांनी. सगळे त्यांना अध्यक्षकाका म्हणत. इमारतीला दोन जिने होते, पुढचा आणि मागचा. पुढच्या जिन्यात कोणी फळांच्या साली टाकायचं, कोणी भिंतीवर रेघोट्या ओढायचं, कोणी दिवेच काढून न्यायचं. खरा कॅमेरा बसवण्याएवढी शिल्लक इमारतीकडे नव्हती. म्हणून दुपारी सगळे कामावर असताना काका स्वतः स्टुलावर चढले आणि पहिल्या वळणावर त्यांनी मला ठोकलं. मी रिकामा आहे हे त्यांनी घरात काकूंनासुद्धा सांगितलं नाही. काकूंना कळलं की गावाला कळलं, असा त्यांचा हिशोब.

आणि काय सांगू, जिना सुधारला. जाता जाता साल भिरकावणारे गृहस्थ ती मुकाट्याने पिशवीत ठेवू लागले. वर राहणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "आता जिन्यात जिवाला धास्ती नाही बाई." कौतुक ऐकून मी फुगायचो. फुगायला आत जागाही भरपूर होती.

दोन्ही जिने झाडायला एक मावशी येत. त्या माझी काच स्वतःच्या फडक्याने पुसायच्या. "मी झाडलं की नाही झाडलं, कोणाला काय पडलंय?" त्या मला म्हणायच्या. "तू तरी बघतोस." मित्रांनो, आत्मवृत्तात खुर्च्याही बोलतात, तेव्हा मला दिसत होतं एवढं तुम्ही चालवून घ्याल. दिसत मला सगळं होतं. दाखवता मात्र काहीच येत नव्हतं. मावशी फडकं फिरवू लागल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एक संशोधक ताई आल्या. पर्यावरण मानसशास्त्र हा त्यांचा विषय. जागा माणसाला कशी वागायला लावते आणि माणूस जागेचं काय करतो, हे शोधणारं हे शास्त्र. त्यांनी काकांकडे माझं चित्रण मागितलं. काका कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. शेवटी खरं सांगावंच लागलं. ताईंना उलट आनंद झाला. नसलेल्या डोळ्याला माणसं किती बिचकतात, हेच त्यांना बघायचं होतं. लोकांना कळलं तर लोक वेगळं वागतील आणि सगळा अभ्यास पाण्यात जाईल, म्हणून त्यांनीही गप्प राहायचं कबूल केलं.

ताईंच्या मनात दोन सिद्धांत होते. माणूस नीट वागतो तो कोणीतरी बघतंय म्हणून, हा एक. आणि ही जागा माझी आहे असं वाटतं म्हणून, हा दुसरा. तपासायला पुढचा जिना आयताच माझ्या ताब्यात होता. मागच्या जिन्यात कॅमेरा नव्हता. तिथे कोणाची तरी कुंडी होती, एक डुगडुगणारी खुर्ची होती आणि दारं उघडी असायची.

ताई एकाच पद्धतीवर विसंबत नसत. माणसं सांगतात एक आणि करतात भलतंच, असं त्या म्हणायच्या. त्या दोन्ही जिन्यांत चुरगळलेला कागद टाकून ठेवायच्या आणि कोण उचलतं ते दुरून बघायच्या. जिन्याचा नकाशा काढून जिथे माणूस थांबला तिथे ठिपका द्यायच्या. तुम्हाला इथे किती सुरक्षित वाटतं, अशी प्रश्नावली त्यांनी घरोघरी भरून घेतली आणि नंतर त्याच घरांत बसून निवांत गप्पाही मारल्या.

जे निघालं त्याने माझी मान खाली गेली. माझ्या जिन्यात कचरा कोणी टाकत नव्हतं, पण पडलेला कागद कोणी उचलतही नव्हतं. मागच्या जिन्यात लोक कुरकुरत का होईना, उचलत होते. तिकडचा नकाशा ठिपक्यांनी भरलेला, माझ्याकडचा जवळजवळ कोरा. प्रश्नावलीत पुढच्या जिन्याने 'खूप सुरक्षित' असं लिहिलं, आणि समोर कोण राहतं विचारलं तर डोकं खाजवलं. एक बाई म्हणाल्या, "आता कॅमेरा आहे ना, आम्ही कशाला लक्ष ठेवायचं?"

अशात एक दिवस एका शिक्षिकाबाईंच्या दाराबाहेर ठेवलेलं नवीन बुटांचं खोकं नाहीसं झालं. त्या वेळी जिन्यात मावशी झाडत होत्या. बस, एवढं पुरलं. खरं तर ज्या माणसाने ते खोकं आणून ठेवलं होतं, तोच परत आला होता. पत्ता चुकला म्हणून कपाळावर हात मारून खोकं घेऊन गेला होता. मावशी तेव्हा खालच्या मजल्यावर पाणी आणायला गेलेल्या. मी बघितलं होतं हो. अगदी माझ्या काचेसमोरून गेला तो.

संध्याकाळी सगळे माझ्याखाली जमले. मावशी घाबरल्या नव्हत्या. त्यांनी पदराने हात पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. "माझं नका ऐकू. त्याला विचारा. त्याने सगळं बघितलंय."

सगळ्यांनी वर पाहिलं. माझा लाल दिवा निर्लज्जासारखा लुकलुकत होता. तेवढा तरी विझावा असं मला वाटलं, पण तोही माझ्या हातात नव्हता. अध्यक्षकाका कॉलर सैल करत म्हणाले, "चित्रण काढायला दिलंय. येईल. तोवर मावशी, तुम्ही कामावर येऊ नका. वाईट वाटून घेऊ नका, नियम आहे आपला." असा काही नियम नव्हता. मावशी खराटा भिंतीला टेकवून निघाल्या आणि जिना उतरताना लोकांची नजर चुकवत राहिल्या.

ताईंना सगळं कळलं. पण अभ्यासाचा शेवटचा भाग राहिला होता. त्या यायच्या, ठिपके द्यायच्या आणि माझ्याकडे न बघता जायच्या. दोघंही एकाच माळेचे मणी झालो होतो आम्ही. मग एकदा मावशी त्यांना फाटकापाशी भेटल्या. ताईंनीच पुढे ते सांगितलं. मावशींना दुसरीकडेही कामावर कोणी घेत नव्हतं, कारण चोरीची गोष्ट त्यांच्या आधी तिथे पोचलेली असायची. तरी तक्रारीचा सूर नाही. एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही शिकलेल्या. त्या कॅमेऱ्यातलं निघायला किती वेळ लागतो हो?"

त्याच संध्याकाळी ताईंनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. मावशींनाही आणलं. स्टूल घेतलं, पेचकस घेतला आणि माझं कवच उघडून सगळ्यांसमोर धरलं. "हा रिकामा आहे. मला पहिल्यापासून माहीत होतं. अभ्यास बिघडेल म्हणून मी बोलले नाही. माझं चुकलं."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अध्यक्षकाका चपलांकडे बघत होते. आत काहीच नसताना आपण उघडे पडलो, याची अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात शिक्षिकाबाईंच्या समोर राहणारे शिंपीकाका दारातून बाहेर आले. अबोल माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते चाचरत म्हणाले, "खोकं मावशींनी नाही घेतलं. ज्याने आणलं तोच परत घेऊन गेला. मी दाराच्या फटीतून पाहिलं होतं."

"मग इतके दिवस मूग गिळून का बसलात?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"म्हटलं, कॅमेऱ्यात दिसेलच की. मी कशाला मध्ये पडू?"

मावशी त्यांच्याकडे वळल्या. "काका, तुमच्या दारापुढचं मी रोज झाडत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघितलंत. आणि मी आपली त्या डब्याच्या भरवशावर बसले."

शिक्षिकाबाईंनी हात धरून माफी मागितली. अध्यक्षकाकांनीही मागितली आणि उद्यापासून या म्हणाले. मावशींनी मान हलवली. "दुसरीकडे काम मिळेल तेव्हा मिळेल. पण ज्या जिन्यातून चोर म्हणून उतरले तो जिना मी नाही झाडणार." त्या खराटाही न घेता गेल्या. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता.

ताईंचा अभ्यास त्या रूपात पुरा झाला नाही. आता त्या विद्यार्थ्यांना शिकवतात आणि मी त्यांच्या टेबलावर असतो. मुलं मला उघडतात, आत काहीच नाही बघून खो खो हसतात. मग ताई त्यांना मावशींची गोष्ट सांगतात, आणि अभ्यासासाठी लोकांपासून काही लपवायचं असेल तर कोणाला इजा होऊ लागताच तो अभ्यास थांबवायचा, हे फळ्यावर लिहितात.

मित्रांनो, लोक म्हणतात, तुझा काय दोष, तू तर नुसता डबा. असेन. पण माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या एका बाईची लाज मला राखता आली नाही, हे माझ्या मनातून जात नाही. तुमच्या जिन्यात खरा कॅमेरा असो की माझ्यासारखा सोंगाड्या, आपले डोळे त्याच्याकडे गहाण टाकून दार लावून घेऊ नका. कोणावर आळ आला आणि तुम्ही काही पाहिलं असेल, तर त्याच वेळी बाहेर या आणि सांगा. मी सगळं पाहिलं होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.