सेल्याचा अर्थ

सालेकशापासून गोंदियापर्यंतच्या टापूत प्राचीन इब्री काव्याचं मर्म जाणणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे गोवर्धन मास्तर. हे मत खुद्द मास्तरांचं होतं. त्याला कोणी हरकत घेतली नाही, कारण इब्री म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांच्या पत्नी सुमित्राबाई तर बरेच दिवस इब्री हा गुरांचा रोग समजत, आणि ‘आमच्याकडचे इब्रीचं काम पाहतात’ असं शेजारणींना सांगताना आवाज जरा खाली घेत.

मास्तर नागपूरच्या कॉलेजात बी.ए.पर्यंत पोचले आणि तिथं तर्कशास्त्राच्या पेपरात आपटले. गावी परतले तेव्हा पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि सालेकशाला मिशनचा दवाखाना उघडला होता. दवाखान्याचे पादरी एल्डन साहेब सकाळी नाडी पाहत आणि दुपारी बायबलातली इब्री, म्हणजे हिब्रू, स्तोत्रं. ही स्तोत्रं झाडीतल्या, म्हणजे ह्या जंगलपट्टीतल्या, माणसांना कळतील अशा मराठीत आणायची, हा त्यांचा ध्यास. छापील भाषांतर होतं, पण ते पुण्याकडच्या वळणाचं. त्यातला देव इथल्या लोकांना नव्यानं बदलून आलेल्या तहसीलदारासारखा वाटे. म्हणून साहेबांनी मास्तरांना मुनशी नेमलं. साहेबांनी अर्थ सांगायचा, मास्तरांनी तो इथल्या बोलीत बसवायचा.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्या काव्याची किल्ली हातात दिली. “मास्तर, ह्या काव्यात यमक आवाजाचे नसते, अर्थाचे असते,” साहेब त्यांच्या व्याकरणशुद्ध मराठीत म्हणाले. “कवी एक गोष्ट बोलतो. नंतर तीच गोष्ट निराळ्या शब्दांनी पुन्हा बोलतो.”

“हे तर गोंदियाच्या बाजारात रोज चालतं, साहेब,” मास्तर म्हणाले. “दुकानदार आधी मराठीत सांगतो, मग तेच हिंदीत. ‘नाही पुरत जी, नहीं पोसाता.’”

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मोठमोठ्या पंडितांना जे वर्षानुवर्षं उमगलं नाही ते ह्या गृहस्थाला बाजाराच्या पिशवीत सापडलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या दिवसापासून मास्तरांना सगळं कळतं हे ठरून गेलं. आणि एकदा तसं ठरल्यावर माणसाला विचारायची सोय उरत नाही.

त्यात शिकवणीची वेळ दुपारच्या जेवणानंतरची. मे महिना, वाळ्याचे पडदे, त्यांवर मारलेल्या पाण्याचा वास. उघड्या डोळ्यांनी झोपायची विद्या मास्तरांनी कॉलेजातच मिळवली होती. तेवढ्या विषयात ते नापास झाले नव्हते. अशाच एका दुपारी साहेब एका शब्दाबद्दल बराच वेळ बोलले. मास्तर जागे झाले तेव्हा शेवटचं वाक्य चाललं होतं: “म्हणून हा शब्द आपण जसाचा तसा ठेवू. समजले?”

“समजलं साहेब,” मास्तर म्हणाले, आणि शब्द जसाचा तसा ठेवला. शब्द होता ‘सेला’. एका कडव्याच्या शेवटी तो एकटाच उभा होता. मागच्या ओळीशी त्याचं नातं दिसेना, पुढचीशी त्याची ओळख दिसेना.

आता, झाडीत शेल्याला सेलाच म्हणतात. पण ही गोष्ट त्या घडीला मास्तरांच्या डोक्यात आली नाही. ती बाजाराच्या दिवशी धुरपतेच्या डोक्यात आली.

बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर गर्दी असे. लोक औषधासाठी थांबत आणि तोवर मास्तर त्यांना नवी स्तोत्रं वाचून दाखवत. धुरपता कोष्टीण पुढेच बसली होती. नवरा गेल्यापासून ती स्वतः मागावर बसे, आणि लुगडी-शेले विणून तिनं मुलगा वाढवला होता. तोच मुलगा, बकाराम, आत हिवतापानं कुडकुडत पडला होता. मास्तरांनी वाचलं. संकटातल्या माणसानं देवाला हाक मारली. देवानं ऐकावं म्हणून पुन्हा, वेगळ्या शब्दांत मारली. मग मास्तर म्हणाले, “सेला.”

“मास्तरजी,” धुरपता म्हणाली, “मंधातच सेला कायले आला?”

ओट्यावरची सगळी माणसं मास्तरांकडे पाहू लागली. आत साहेब इंजेक्शनची सुई उकळत होते. आत जाऊन विचारणं म्हणजे झोपलो होतो हे कबूल करणं. ‘मला माहीत नाही’ हे उत्तरही मराठीत बसत होतं, पण इतक्या लोकांसमोर ते मास्तरांच्या तोंडात बसेना.

“सेला म्हणजे सेला,” मास्तर म्हणाले. “इथं देवाला सेला वाहायचा असतो.”

“हं,” धुरपता म्हणाली. “तसंच असन.”

पुढच्या बाजारी ती पांढराशुभ्र, लाल काठाचा शेला घेऊन आली आणि साहेबांच्या मेजावर ठेवून, एक शब्द न बोलता गेली. बकारामचा ताप तोवर उतरला होता. तो साहेबांच्या कुनैनीनं उतरला होता, पण कुनैनीला काठ नसतात. ती कोणाच्या नजरेत भरत नाही. साहेबांनी शेला उघडला, त्यावरून हात फिरवला आणि चष्मा पुसला.

“मास्तर, पाहा,” ते म्हणाले. “मी काहीच मागितले नव्हते.”

मास्तर म्हणाले, “खरं आहे साहेब.” त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. दुपारची धरून.

धुरपतेनं कोष्टीपुऱ्यात सांगितलं, पुऱ्यानं गावात. आणखी दोन शेले आले. एका म्हातारीकडे शेला नव्हता, तिनं धोतराचा तुकडा आणला आणि हाच सेला समजा म्हणाली. साहेबांनी सगळे प्रार्थनेच्या खोलीत नीट घडी करून ठेवले. आल्यागेल्याला ते दाखवत आणि म्हणत, “हे ह्या लोकांचे प्रेम आहे.” मास्तर अशा वेळी दाराबाहेर जाऊन चपलांची रांग नीट करत.

त्यावर कळस म्हणजे धुरपतेनं मास्तरांच्या घरी येऊन एक शेला त्यांच्याही खांद्यावर टाकला. “अर्थ तुमी सांगतला जी. तुमचाबी मान होते.” सुमित्राबाईंना फार आनंद झाला. गुरांच्या रोगावर एवढा मान मिळतो हे त्यांना नवीन होतं. रोज सकाळी त्या स्वतःच्या हातानं तो शेला मास्तरांच्या खांद्यावर ठेवू लागल्या. शेला वजनानं पावशेरही नसेल, पण मास्तर त्याच्याखाली डाव्या बाजूला झुकून चालू लागले.

एका दुपारी त्यांनी साहेबांना सांगायचं ठरवलं. घसा खाकरला. साहेब म्हणाले, “मास्तर, आज तुम्ही किती लक्ष देऊन ऐकत आहात.” सांगणं राहून गेलं.

मग मास्तरांनी दुसरा मार्ग काढला. सेला सगळ्या स्तोत्रांत नव्हता. ज्यात तो नाही अशी स्तोत्रं ते शोधून काढू लागले. “साहेब, हे घ्यावं. मेंढपाळाचं आहे, लोकांना कळेल.” “साहेब, हे आधी करू. फार शांत आहे.” साहेब म्हणत, “मास्तर, तुमची रुची किती सूक्ष्म आहे.” तीन हजार वर्षांपूर्वीच्या कवींनी आपली स्तोत्रं ज्या क्रमानं ठेवली होती तो क्रम सालेकशाला असा, शेल्याच्या हिशेबानं बदलला. पावसाळा संपेतो ओट्यावर एकदाही सेला वाचला गेला नाही. मास्तरांना वाटलं, सुटलो. हातानं शेला चाचपून पाहिला, तो होताच.

दिवाळीच्या सुमारास, सकाळी धुरपता मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. हातात कापडात बांधलेलं काहीतरी होतं.

“मास्तरजी, देव आता सेला मांगून नाही राहिला. काऊन? रागावला का?”

“रागावेल कशाला, माय?”

“मंग बकारामले ताप काऊन आला? तीन रोज झाले, वरडून राहिला पोट्टा.”

“साहेबांनी कुनैन दिली होती ना? ती चालू आहे ना?”

“ते कवाचीच बंद केलो,” धुरपता म्हणाली. “लय कडू लागते म्हणे. मी म्हटलो, सेला देल्ला ना, मंग कडू कायले खा?”

मास्तर उंबऱ्यावर बसले. धुरपतेनं कापड सोडलं. आत रेशीम काठाचा पिवळा शेला होता, बकारामच्या लग्नासाठी विणलेला. माघात लग्न होतं. नवरदेवाचा शेला नवरीच्या पदराला बांधतात. ती गाठ पडायची ती ह्याच काठाला.

“हा मांगत असन देव,” ती म्हणाली. “चांगला घरी ठेवलो, अन् साधे साधे देल्लो. तो का आंधळा आहे? हा देऊन टाकतो.”

“धुरपताबाई,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “देवानं काही मागितलं नाही. तो शब्द म्हणजे शेला नव्हे. मी चुकीचं सांगितलं. मला माहीत नव्हतं, म्हणून ठोकून दिलं.”

धुरपतेनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, मागावर सूत तुटलं की पाहतात तसं.

“मंग काय आहे त्याचा अर्थ?”

मास्तरांना तेही सांगता येईना. कबुली द्यायला निघालेल्या माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असावं लागतं, ही अडचण त्यांनी आधी लक्षात घेतली नव्हती.

“चला साहेबांकडे,” ते म्हणाले.

साहेब ओट्यावर मोडलेल्या हाताला फळी बांधत होते. मास्तरांनी आधी बकारामचं सांगितलं. साहेबांनी फळी मदतनिसाच्या हाती दिली, आत जाऊन कुनैनीची बाटली आणली, धुरपतेपुढे उकिडवे बसले आणि कधी किती द्यायची ते मोडक्या झाडीबोलीत सांगितलं. ती बोली त्यांना येते हे मास्तरांना माहीत नव्हतं. “आत्ता जा, द्या,” साहेब म्हणाले.

“जातो ना,” धुरपता म्हणाली, “पण अर्थ आयकूनच जातो.”

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. मे महिना, झोप, ओटा, सेला. शेल्यांबद्दल सांगताना ते जमिनीकडे पाहत होते, तरी साहेब प्रार्थनेच्या खोलीच्या दाराकडे वळून पाहताहेत हे त्यांना कळलं.

“म्हणजे ते प्रेम नव्हते,” साहेब हळूच म्हणाले.

“माझ्यामुळं झालं, साहेब. चूक माझी आहे. गुन्हा माझा आहे.” हे म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा बोललो, हे मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांना त्याचीही लाज वाटली. “आता खरा अर्थ सांगा. हिला सांगायचा आहे.”

साहेब त्यांच्याकडे वळले.

“मास्तर, त्या दुपारी मी हेच सांगत होतो. अर्थ कोणाला ठाऊक नाही.”

“म्हणजे?”

“कोणी म्हणतात, गाणाऱ्यांनी इथे थांबावे. कोणी म्हणतात, आवाज चढवावा. पंडित दोन हजार वर्षे भांडत आहेत. ज्यांनी लिहिले ते सांगून गेले नाहीत.”

धुरपता दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती.

“कोणालेच मालूम नाही?” तिनं विचारलं.

“नाही,” साहेब म्हणाले.

“तुमालेबी नाही?”

“मलाही नाही.”

“मंग सेला नाही हे कसं मालूम?”

मास्तरांना नागपूरचा पेपर आठवला. तिथंही असाच एक प्रश्न होता आणि त्यांनी तो सोडला होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब प्रामाणिक माणूस होते; त्यांनी विचार केला, बराच केला, आणि म्हणाले, “तसे खात्रीने म्हणता येणार नाही.”

“तं झालं,” धुरपता म्हणाली. तिनं कुनैनीची बाटली पदरात बांधली आणि पिवळा शेला साहेबांच्या मेजावर ठेवला. “कुनैनबी देतो, सेलाबी देतो. दोनातून एक तं लागन.”

साहेबांनी शेला उचलून तिला परत द्यायला पुढे केला. तिनं हात मागे घेतला. देवाला दिलेलं परत घेऊन लग्नात बांधायचं, मग पोराचं काही झालं तर कोणी पाहायचं, असं तिनं विचारलं.

मास्तरांनी मग आपल्या खांद्यावरचा शेला काढला. सुमित्राबाईंनी सकाळीच त्याला इस्त्रीसारखी घडी घातली होती. “हा घ्या बकारामला,” ते म्हणाले. “हा देवाचा नाही. हा माझा आहे, आणि माझा नव्हताच.”

धुरपतेनं शेला उलटून काठ पाहिला. स्वतःचंच काम होतं. “साधाच आहे,” ती म्हणाली, “पण पुरन गाठीले.” आणि तो खांद्यावर टाकून ती झपाझपा निघून गेली.

बकाराम त्या आठवड्यात उठून बसला. कशानं, ह्याबद्दल गावात दोन मतं राहिली, आणि लोक ती दोन्ही एकापाठोपाठ सांगत. माघात साध्या शेल्याला गाठ पडली. मास्तर लग्नाला गेले, मागं उभे राहिले आणि जेवण्याआधी निघून आले.

पण ते पुढं. त्या सकाळी धुरपता दिसेनाशी झाल्यावर दोघं ओट्यावर उभे होते. मास्तरांचा खांदा हलका झाला होता, पण ते अजून डावीकडेच झुकलेले होते. मेजावरचा पिवळा शेला घेऊन साहेब प्रार्थनेच्या खोलीकडे निघाले आणि दारात थांबले.

“आणि मास्तर,” ते म्हणाले, “एक गोष्ट त्या दुपारी मी शेवटी सांगितली होती. तो शब्द फक्त लिहायचा असतो. मोठ्याने वाचायचा नसतो.”