हीरालालशेठचा डावा पाय

हीरालालशेठनी गाडी नोंदवली तेव्हा त्यांचे दोन्ही पाय धडधाकट होते. कंपनी साऱ्या जगासाठी मोजक्याच गाड्या बनवणार होती. दोन दारांच्या, हातानं गिअर टाकायच्या. त्यानंतर सगळ्या ऑटोमॅटिक. शेठचा जालन्यात सळ्यांचा कारखाना. पण विशीत ते स्वतः ट्रक चालवून भंगार वाहायचे, आणि ती चटक सुटली नव्हती.

"इंजिनचा आवाज जड झाला की आधी कानाला कळतं, मंग पायाला, मंग हाताला," ते बायकोला, सायरबाईंना सांगत. "ऑटोमॅटिकमधी माणूस नुसता बसून राह्यतो."

"मला बसायचंच असतं," सायरबाई म्हणत.

गाडी यायला तीन वर्षं लागली. ती येण्याच्या दीड महिना आधी दाढी करता करता शेठ कोसळले. वाचा परत आली, हात परत आला. डावा पाय मात्र गुडघ्याखाली लाकूड झाला.

"पप्पा, हातानं दाबायचा क्लच बसवून घेऊ," मुलगा, जिनेंद्र म्हणाला.

"त्याच्यापेक्षा विकून टाक ना!" शेठ म्हणाले.

मग शेठनी पायानंच क्लच दाबायचा हट्ट धरला. फिजिओथेरपिस्ट बुद्धभूषण रोज सकाळी यायचा. शेठनी कारखान्यात स्प्रिंगचं एक पेडल बनवून घेतलं. घाम निथळेपर्यंत ते पेडल दाबत बसायचे. सात महिन्यांनी मांडीच्या जोरावर पेडल पूर्ण खाली जाऊ लागलं. तेव्हा एका रविवारी, कारखाना बंद असताना, ते आवारात गाडीत बसले. शेजारी बुद्धभूषण.

गाडी दोनदा धक्का खाऊन बंद पडली. तिसऱ्यांदा उसळून थेट भिंतीकडे निघाली. उजव्या पायानं ब्रेक दाबला म्हणून हातभरावर थांबली.

"काका, उतरायचं का?"

"पाय कुठं हाये माझा? बघून सांग."

बुद्धभूषणनं वाकून पाहिलं. "क्लचवरच आहे."

"मला कळूनच न्हाई राह्यलं," शेठ म्हणाले.

दुपारी सून कनिका त्यांना मंठा रोडवर घेऊन गेली. शेठ बाजूच्या सीटवर. इंजिनचा आवाज चढला की ते म्हणायचे, "आता." कनिकाचा गिअर क्षणभर उशिरा पडायचा, गाडी कण्हायची. बिचारी मन लावून चालवत होती. दोन-तीन किलोमीटरनंतर शेठनी "आता" म्हणणं सोडलं आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले. ती गाडी पुन्हा बाहेर निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी बुद्धभूषण आला, तेव्हा शेठ त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको, बेटा."

"काका, चालण्यासाठी तरी व्यायाम ठेवा. सोडलात तर आहे तेही जाईल."

"जाऊ दे."

त्यानं पुष्कळ समजावलं. सायरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेठनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला आणि पेपर उघडला.